पदराखालचा भांग: केस विरळ होण्याच्या उपचारांचं माझं दीड वर्ष

२०२३ च्या दिवाळीनंतर आमच्या पतसंस्थेत नवे कॅमेरे बसवले. मी तिथे कॅशियर. एक कॅमेरा बरोबर माझ्या डोक्यावर आला आणि पडदा अशा कोपऱ्यात लावला की काउंटरवर बसूनही तो दिसायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सहज नजर गेली. पडद्यावर एक बाई मान खाली घालून नोटा मोजत होती आणि तिच्या डोक्याच्या मधोमध बोटभर रुंद पांढरी पट्टी होती. कोण ही, असं क्षणभर वाटलं. मग साडीचा काठ ओळखीचा निघाला.

आरशात माणूस समोरून दिसतं, वरून दिसत नाही. वेणी पूर्वीपेक्षा बारीक झाल्याचं मला माहीत होतं, रबरबँडला दोनऐवजी चार वेढे बसायला लागले होते. पण भांग एवढा रुंद झालाय हे मला त्या कॅमेऱ्याने सांगितलं. त्या दिवशी कॅशमध्ये पाचशेचा फरक आला. संध्याकाळी सापडला, पण हात थरथरत होते.

वय तेव्हा ४१. सांगलीत राहते, मुलगी पंधराची, मुलगा बाराचा. हे लिहायला घेतलं कारण शोधताना मला सगळीकडे पुरुषांचंच टक्कल सापडत होतं. बाईचं टक्कल म्हटलं की लोक एक तर हसतात, नाहीतर तेलाचं नाव सांगतात.

मीही तेलापासूनच सुरुवात केली. सासूबाई म्हणाल्या, बोअरच्या पाण्याने होतं. म्हणून दोन महिने डोक्यावरून न्हायला नळाचं पाणी वेगळं भरून ठेवलं. शेजारच्या काकूंनी जास्वंद आणि माका घालून उकळलेलं तेल दिलं. ऑफिसातल्या मैत्रिणीने कांद्याचा रस सांगितला, तो लावून बसलं की मुलगा स्वयंपाकघरात डोकावून "आज भजी?" असं विचारायचा. बायोटिनच्या गोळ्या मी स्वतःच्या मनाने आणल्या, १० मिलिग्रॅमच्या. सगळं मिळून जानेवारी संपेपर्यंत चार हजारांच्या वर गेले.

आणि मी केस मोजायला लागले. मोरीच्या जाळीवरचे, फणीतले, उशीवरचे. कागदावर तारीख आणि आकडा लिहायचा: ६४, ११२, ८०. रोज पन्नास ते शंभर केस कोणाचेही जातात, हे वाचलेलं होतं. तरी आकडा शंभराच्या आत आला की दिवस बरा जायचा आणि वर गेला की दिवसभर कोणाशी नीट बोलायचे नाही. चुकीची गोष्ट मोजत होते, हे नंतर कळलं.

११ फेब्रुवारीला, रविवारी, कोल्हापुरातल्या एका केसांच्या क्लिनिकमध्ये गेले. काचेचं दार, थंडगार हवा, कॉफी. पांढरा कोट घातलेल्या मुलीने डोक्यावर कॅमेरा फिरवला, मोठ्या पडद्यावर माझी टाळू दाखवली आणि म्हणाली, "मॅडम, तुमची मुळं झोपलीत. वेळेत आलात. अजून सहा महिने गेले असते तर काही करता आलं नसतं." आठ सिटिंगचं पॅकेज ७२,००० रुपये, आजच भरलं तर ५८,०००. हप्ते करून देतो म्हणाली. डॉक्टर कोण, असं विचारलं तर डॉक्टर बुधवारी ऑनलाइन असतात. ती स्वतः काउन्सेलर होती.

मी सही करणार होते, हे कबूल करते. रडू यायच्या बेतात असलेल्या माणसाला हप्ता स्वस्तच वाटतो. पण हप्त्यांसाठी पॅनकार्ड लागत होतं आणि ते घरी राहिलं होतं. परतीच्या एसटीत डोकं थंड झालं. रोज लोकांना कर्जाचे कागद समजावून सांगणारी मी, आणि आज न वाचता सही करायला निघाले होते.

तुम्हीही अशा ठिकाणी बसला असाल तर एवढंच विचारा: मला तपासणार कोण? त्वचारोगात एमडी किंवा डीव्हीडी, डीडीव्हीएल अशी पदविका आहे का? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? हा क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, सांगलीपासून अर्ध्या तासावर. तिथल्या एका स्किनच्या डॉक्टरबाईंचं नाव आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिलं. नंबर सकाळी नऊला फोनवर लावायचा. तीन दिवस फोन लागलाच नाही. चौथ्या दिवशी लागला तो ५ मार्चचा, २७ वा नंबर. अर्धी रजा टाकली, साडेदहाला पोचले, आत गेले तेव्हा पावणेदोन वाजले होते. डबा बरोबर न्या.

बाहेर बसलेल्या एका बाईंच्या मुलाला चाई लागली होती, रुपयाएवढा गोल गुळगुळीत चट्टा. त्या मला म्हणाल्या, "तुमचंही हेच का?" माझ्याही मनात तीच भीती होती. आत गेल्यावर विचारलं तर कळलं की चाई हा पूर्ण वेगळा आजार. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. त्याचे उपचार वेगळे आणि त्यात केस परत येण्याची शक्यताही वेगळी.

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, केस कधी धुतले? मी त्याच सकाळी धुऊन, छान विंचरून गेले होते, लग्नाला जावं तशी. त्या हसल्या. पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढायची आणि किती निघतात ते बघायचं, अशी एक तपासणी असते. सकाळीच केस धुतले की सैल झालेले आधीच गेलेले असतात आणि तपासणीला अर्थ उरत नाही. म्हणून आदल्या दिवसापासून धुऊ नका, तेलही लावू नका. आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. मी बायोटिनची बाटली नेली नव्हती, त्याचा भुर्दंड पुढे बसला.

मग त्यांनी टॉर्चसारखं दिसणारं एक भिंग डोक्यावर टेकवलं. त्याला डर्मोस्कोप म्हणतात. आधी मानेवरचे केस दाखवले: एकाच छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन, सगळे सारख्या जाडीचे, ऊस लावल्यासारखे. मग भांगाजवळचे. तिथे एक जाड, शेजारी एक मध्यम, त्याच्या शेजारी लव म्हणावी असा, आणि बऱ्याच छिद्रांतून एकुलता एकच केस. "गळतंय ते वेगळं आणि हे वेगळं," त्या म्हणाल्या. "इथले केस बारीक होत चाललेत."

हे वाक्य मला तीन महिने आधी कोणी सांगितलं असतं तर केस मोजायचा कागद मी चुलीत घातला असता. आपण सगळ्यालाच 'केस गळतात' म्हणतो. पण केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने विश्रांती घेऊन गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. आनुवंशिक प्रकारात हा वाढीचा काळ दर फेरीला आखूड होतो, मूळ लहान होतं आणि नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो. शेवटी लव उरते, मग तीही नाही. मोरीच्या जाळीवर हे दिसतच नाही. भांगात दिसतं.

पुरुषांत यामागे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं, हे बऱ्यापैकी पक्कं ठाऊक आहे. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने १९४२ मध्ये दाखवलं होतं की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि घराण्यात टक्कल असेल तर टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांनाही पडायला लागतं. म्हणजे आनुवंशिकता हवी आणि संप्रेरकही हवं. बायकांत गोष्ट इतकी सरळ नाही. पुष्कळ जणींच्या रक्तातली संप्रेरकं अगदी नॉर्मल येतात. नमुनाही वेगळा: कपाळावरची केसांची रेषा बहुधा जागेवर राहते आणि भांग रुंद होत जातो. याच्या तीन पायऱ्या लुडविग या डॉक्टरांनी १९७७ मध्ये मांडल्या. मी पहिली संपवून दुसरीच्या दारात होते.

"घरात कोणाला आहे?"

"कोणालाच नाही. वडिलांचे केस चौऱ्याहत्तराव्या वर्षी दाट आहेत."

"आणि आई?"

तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आईचे केस मी कधी नीट पाहिलेच नव्हते. माझी आई डोक्यावरचा पदर झोपतानाच काढते.

त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइड, ड आणि बी १२ जीवनसत्त्वं. फी ६००, तपासण्या २,८५०. ७ तारखेला रक्त दिलं, महाशिवरात्रीची सुट्टी मध्ये आली आणि रिपोर्ट ९ ला मिळाले. फेरिटिन ११, हिमोग्लोबिन १०.४, दोन्ही कमी. आणि थायरॉइडचा आकडा, टीएसएच, खूपच कमी, म्हणजे थायरॉइड वाढलंय असं दाखवणारं. मी रात्रभर मोबाइलवर थायरॉइडबद्दल वाचत बसले. सकाळी दवाखान्यात फोन केला तर डॉक्टरबाईंनी निरोप दिला, "बायोटिन घेतात का विचारा."

बायोटिनचा मोठा डोस काही लॅबच्या तपासणी पद्धतीतच ढवळाढवळ करतो आणि थायरॉइडचे आकडे खोटे येतात. आठवडाभर गोळ्या बंद ठेवून १८ मार्चला पुन्हा रक्त दिलं, ३५० रुपये. टीएसएच चोख निघालं. म्हणजे केसांसाठी घेतलेल्या गोळीने मला नसलेला आजार दिला होता. रक्त द्यायच्या आधी ही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांनाही सांगा.

होळीला, २४ मार्चला, तासगावजवळ आमच्या गावी गेले. पुरणपोळ्या झाल्या, पुरुषांची पंगत उठली, मागच्या सोप्यात आई आणि मी दोघीच. मी म्हटलं, "आई, डोक्यावरचा पदर काढ की जरा."

"का गं?"

"डॉक्टरनी सांगितलंय."

"माझ्या डोक्याचं तुझ्या डॉक्टरला काय करायचंय?" असं म्हणाली खरी, पण उठून दार लोटून घेतलं. पदर काढला. अंबाडा सोडला. अंबाड्यातून पहिल्यांदा गंगावन निघालं, काळं कुळकुळीत, माझ्या मनगटाएवढं. ते तिने मांडीवर ठेवलं. मग तिचे स्वतःचे केस: शेंगदाण्याएवढी गाठ बसेल इतके, आणि भांगाच्या जागी तळहात मावेल एवढी मोकळी टाळू. कपाळावर मात्र नीट रेषा. म्हणून पदराखालून जेवढं दिसायचं तेवढं कायम व्यवस्थित दिसत आलं.

"कधीपासून?"

"तू झालीस त्याच्या पाच-सहा वर्षांनी. तुझ्या मावशीचं तर माझ्याहून वाईट. तिच्याकडं दोन गंगावनं आहेत." थोडं थांबून म्हणाली, "तुझ्या आज्जीचंही होतं. आम्ही म्हणायचो, पदरानं घासून जातात."

मला रागही आला. तीन बायका, तीन अंबाडे, आणि कोणी कोणाला बोललं नाही. वडिलांच्या चुलत्यांची टकली सगळ्या गावाला माहीत, त्यांच्यावर विनोद चालायचे. आमच्या घरातली टकलं मात्र पदराखाली होती, आणि मी बोअरच्या पाण्याला दोष देत होते. राग विरला तो आईने गंगावन पुन्हा बांधताना दातांत दोरी धरली तेव्हा. ते काम ती आरशाशिवाय करते. तीस-पस्तीस वर्षांची सवय.

२ एप्रिलला दुसरी भेट. डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्यांनी कागदावर 'आई, मावशी, आजी' असं लिहून खाली रेघ मारली. टक्कल फक्त आईकडून येतं हा समज अर्धाच खरा, असं त्या म्हणाल्या. यातलं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, मुलाला ते आईकडूनच मिळतं, त्यातून तो समज आला. पण जनुकं पुष्कळ आहेत आणि दोन्ही घरांतून येतात. माझ्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या: लोह कमी असल्याने होणारी खरीखुरी गळती, आणि तिच्या आड वर्षानुवर्षं चाललेलं बारीक होणं. गळती लोहाने थांबेल. बारीक होणं आपोआप थांबणार नाही.

त्यांनी आधीच सांगून टाकलं: हा आजार बरा होत नाही, आवरता येतो. औषध चालू तोवर फायदा, बंद केलं की काही महिन्यांत पुन्हा मूळ वाटेवर. सहा महिन्यांच्या आत काही विचारायला येऊ नका. कोल्हापुरात ५८,००० रुपयांत मला 'पूर्ण रिझल्ट' मिळणार होता. इथे ४०० रुपयांत 'बरा होत नाही' मिळालं, आणि गंमत म्हणजे त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

मिनॉक्सिडिल ५ टक्के, रोज रात्री १ मिलिलिटर. हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून ते डोक्याला लावायची कल्पना निघाली, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी त्याला मान्यता मिळाली. बायकांसाठी काही वर्षांनी. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल तर हे लावायचं नाही.

लावायची पद्धत मला कोणी नीट सांगितली नव्हती, म्हणून लिहिते. औषध टाळूला लावायचं, केसांना नाही. मी फणीच्या टोकाने चार-पाच भांग पाडते आणि प्रत्येकात ड्रॉपरने थेंब-थेंब सोडते, बोटाने पसरवते, हात साबणाने धुते. टाळू कोरडी हवी. झोपायच्या निदान दोन तास आधी लावायचं, नाहीतर उशीला आणि उशीवरून गालाला लागतं. मी पहिल्या महिन्यात लावलं की लगेच आडवी व्हायचे, त्याचा परिणाम म्हणून कानशिलाजवळ बारीक लव आली. वेळ बदलल्यावर कमी झाली. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी दोन्ही सांभाळा, मांजराला हे विषासारखं आहे. आमच्या मनीला तेव्हापासून माझ्या खोलीत बंदी.

लोहाच्या गोळ्या चहापासून दोन तास लांब. हे कॅशियरच्या नोकरीत फार अवघड, कारण चहा तासातासाला समोर येतो. शेवटी गोळी रात्रीवर नेली, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर.

चौथ्या आठवड्यात, एप्रिलच्या शेवटी, केस मुठीने जायला लागले. होणार हे सांगितलेलं होतं. विश्रांतीतल्या केसांना औषध ढकलून बाहेर काढतं आणि नवी फेरी सुरू करतं, म्हणून सुरुवातीला गळती वाढते. कागदावर लिहून दिलेलं होतं. तरीही. मे महिन्यात आमच्याकडे एक लग्न होतं आणि मी डोकेदुखीचं निमित्त सांगून हळदीला गेले नाही. नवरा म्हणाला, "बंद कर ते औषध, मला चालतेस तू अशी." चांगल्या मनाने म्हणाला, पण मला तेव्हा ते अजिबात गोड लागलं नाही. त्याला चालण्याचा प्रश्नच नव्हता. औषध बंद न करण्याचं एकच कारण: बाटलीत अजून निम्मं शिल्लक होतं आणि ६२० रुपये मोजले होते. कधी कधी कंजूषपणाही उपयोगी पडतो. जूनच्या मध्यापर्यंत ही गळती ओसरली.

त्याच सुमारास टाळूला खाज आणि कोंड्यासारखे पापुद्रे. औषधापेक्षा ते ज्या द्रवात विरघळवलेलं असतं त्यातलं प्रोपिलीन ग्लायकॉल बहुतेकदा याला कारण असतं. ते नसलेली बाटली डॉक्टरबाईंनी लिहून दिली, ६८० रुपये, दोन महिने पुरते. खाज गेली. मेडिकलमध्ये 'तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं' असं म्हणून काही दिलं तर मागचं लेबल वाचा.

मधल्या काळात मी ऑफिसच्या मेडिक्लेमचा दावा भरून पाहिला. मूळ बिलं, चिठ्ठ्या, रिपोर्ट, फॉर्म दोन प्रतींत, बँकेचा रद्द केलेला चेक. तीन आठवड्यांनी सगळं परत आलं, वर एक ओळ: दवाखान्यात दाखल न होता घेतलेले उपचार योजनेत बसत नाहीत. फॉर्म भरण्याआधी पॉलिसीचं ते पान वाचलं असतं तर झेरॉक्सचे पैसे वाचले असते. केसांचं प्रत्यारोपण करणाऱ्यांनी तर विम्याची आशा सोडावीच, त्यावर उलट १८ टक्के जीएसटी लागतो, कारण आरोग्यसेवेला असलेली माफी त्याला नाही. अपघात, भाजणं किंवा जन्मजात दोष असेल तरच वेगळं.

जुलैत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. लोह मुळात कमी का, हा प्रश्न उरला होता आणि पाळीत जास्त जातं हे मी वर्षानुवर्षं 'असतं काहींना' म्हणून सोडून दिलं होतं. फी ५००, सोनोग्राफी १,२००. लहानशी गाठ निघाली, नुसती लक्ष ठेवण्याजोगी. त्यानंतर स्किनच्या डॉक्टरबाईंनी स्पायरोनोलॅक्टोन सुरू केलं, आधी २५ आणि मग ५० मिलिग्रॅम. हेही जुनं औषध, लघवी वाढवणारं, रक्तदाबाचं. पुरुषी संप्रेरकांचा परिणाम ते अडवतं म्हणून बायकांच्या केसांसाठी वापरतात. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर देत नाहीत, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. माझी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया बारा वर्षांपूर्वी झालेली. आधी आणि महिन्याभराने पोटॅशियम तपासलं, प्रत्येक वेळी ३०० रुपये. पोटॅशियम वाढू शकतं म्हणून रोजचं शहाळं बंद. पहिले पंधरा दिवस काउंटर सोडून सारखं उठावं लागायचं आणि रांगेतले लोक वैतागायचे. पाळीची तारीख दोनदा पुढे-मागे झाली. ही गोळी मेडिकलमधून स्वतः आणून घ्यायची नाही, एवढं ऐका.

माझ्यामागून माझा भाऊही त्याच दवाखान्यात गेला. वय ३६, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी कोपरे आत गेलेले. त्याला फिनास्टेराइड मिळालं, १ मिलिग्रॅम. ही गोळी टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारं एन्झाइम अडवते. काही थोड्या पुरुषांत लैंगिक इच्छेवर परिणाम होतो, हे डॉक्टरबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं, आणि त्याने ते मला सांगताना भिंतीकडे बघितलं. वहिनीला तेव्हा चौथा महिना होता, म्हणून तुटलेल्या गोळीला तिने हातही लावायचा नाही अशी ताकीद. तो दर चार महिन्यांनी रक्तदान करतो, तेही थांबलं. ही गोळी बंद करून महिना होईपर्यंत रक्त देता येत नाही. शिबिराच्या फॉर्मवर खरं लिहावं लागतं.

८ ऑक्टोबर २०२४, सहा महिने. मी दर महिन्याच्या ३ तारखेला मुलीकडून एक फोटो काढून घेत होते: त्याच ट्यूबलाइटखाली, तोच भांग, केस कोरडे, मोबाइल त्याच स्टुलावरून. सहा फोटो शेजारी ठेवले. मला काही फरक दिसेना. डॉक्टरबाईंना दिसला तो एवढाच की भांग अजून रुंद झालेला नाही. फेरिटिन ३८ वर आलं होतं, त्या तपासणीचे ६५०. "थांबलंय," त्या म्हणाल्या, "हाच पहिला निकाल." मी पीआरपीबद्दल, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट टाळूत टोचतात त्या इंजेक्शनांबद्दल, विचारलं. त्यांच्याकडे एका वेळेचे ५,००० रुपये होते. त्या म्हणाल्या, काहींना फायदा होतो, पण तुम्ही आधी वर्ष पूर्ण करा. त्यांना धंदा करायचा असता तर तेव्हा मी हो म्हणाले असते.

डिसेंबरात एका सकाळी भांगाच्या दोन्ही कडांना आखूड केस उभे दिसले, अंगठ्याच्या पेराएवढे, तेल लावलं तरी न बसणारे. मी मुलीला हाक मारली. ती म्हणाली, "आई, तुला बेबी हेअर आलेत," आणि मग जरा वेळाने, "मला पण होणार का गं हे?"

होऊ शकतं, असं मी सांगितलं. तुझ्या आज्जीचं डोकं तू बघितलं नाहीस, मी बघितलंय. होईलच असं नाही, पण भांग बदलायला लागला तर मला सांग, पाण्याला दोष देत बसू नकोस. तिने मान हलवली आणि मोबाइल घेऊन गेली. पंधराव्या वर्षी एवढंच पुरे.

एप्रिल २०२५ ला वर्ष झालं. हिशेबाची वही माझ्याकडे असतेच: औषधाच्या सहा बाटल्या, सहा वेळची फी, लॅब, सोनोग्राफी, दोन्ही गोळ्या आणि भांगावर शिंपडायची केसांच्या रंगाची पूड (४५०, लग्नसमारंभापुरती, घाम आला की कपाळावर उतरते) मिळून १५,५६० रुपये. केस पंचविशीसारखे झालेले नाहीत. वेणी अजून बारीकच आहे, रबरबँडला तीन वेढे लागतात. भांगाची पट्टी मात्र निम्म्यावर आली आहे आणि ऑफिसच्या पडद्याकडे मी आता कॅश जुळवताना बघत नाही. वर्षात सुमारे वीस रात्री औषध लावायला विसरले. काही बिघडलं नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्र लावू नका.

जूनमध्ये आई चार दिवस सांगलीला आली होती. माझी मिरजेची तारीख त्यातच पडली. मी निघताना ती चपला घालून दारात उभी. "मी पण येते. बसते बाहेर." बाहेर काही बसली नाही. माझं तपासून झालं तसं डॉक्टरबाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "आजी, तुमचंही बघू का?" आईने आधी दाराकडे बघितलं, मग पदर काढला, गंगावन सोडून माझ्या हातात दिलं.

औषध तिने घेतलं नाही. "सत्तरीला आले, आता कोण बघतंय." डॉक्टरबाईंनीही आग्रह केला नाही. पण पडद्यावरचं चित्र ती बराच वेळ बघत राहिली, चष्मा वर-खाली करत. मग मला म्हणाली, "याचा फोटो निघतो का गं? निघत असंल तर काढ आणि मावशीला पाठव. तिला म्हणावं, तुझंही असंच असणार आहे, उगं शाम्पू बदलू नकोस."